इंग्रजीचे अध्यापन, द्वितीय भाषा म्हणून

मातृभाषेच्या जोडीने शिक्षण, व्यवसाय व कार्यालयीन व्यवहार यांसाठी लागणारी इंग्रजी भाषा शाळेत पद्धतशीरपणे शिकविणे, म्हणजे इंग्रजीचे द्वितीय भाषा म्हणून अध्यापन होय. मातृभाषा मूल घरी व परिसरात ऐकून आत्मसात करते. परभाषा समाजात वापरात नसते व ती केवळ अभ्यासविषय म्हणून शिकविली जाते. द्वितीय भाषेचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे : ती घरात बोलली जात नाही, परंतु समाजाच्या काही व्यवहारांत तिचा वापर होतो. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत त्रिभाषा सूत्रानुसार मराठी प्रथम व सामान्यतः हिंदी द्वितीय भाषा असल्याने माध्यमिक शालान्त परीक्षेत इंग्रजीस ‘तृतीय भाषा’ म्हटले जाते. हा क्रम प्रशासकीय आहे. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने इंग्रजी ही येथे द्वितीय भाषाच ठरते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात इंग्रजीचे अध्यापन व्याकरण-भाषांतर पद्धतीने होई. नियम पाठ करणे व वाक्यांचे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणे, हे तिचे स्वरूप होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला या पद्धतीवर आधारलेल्या असून मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांचा उपयोग केला. विसाव्या शतकाच्या आरंभी इलाख्याच्या शिक्षणखात्यातील पर्सिव्हल रेन यांनी मातृभाषेचे माध्यम न वापरता इंग्रजीतूनच इंग्रजी शिकविण्याच्या प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार केला. १९५० नंतर वाक्यरचनांचा क्रमवार सराव देणारी संरचना पद्धती भारतात प्रसृत झाली. तिच्या मर्यादा ध्यानात आल्यावर, नियमांपेक्षा अर्थपूर्ण कृतीवर भर देणारा प्रयोग एन्. एस्. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत केला (१९७९–८४). तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो.

इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, याविषयीचे धोरण वारंवार बदलले. स्वातंत्र्यानंतर बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात ती आठवीपासून सुरू करण्याचे ठरले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेश मुख्यतः अँग्लो-इंडियन मुलांपुरता मर्यादित करणारा १९५४ चा राज्य शासनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर इंग्रजीचा आरंभ पाचवीपासून होऊ लागला आणि २००० च्या जूनपासून ती सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. अशा रीतीने सुमारे अर्धशतकात आरंभाची इयत्ता सात वर्षांनी अलीकडे आली.

ठाणे व कल्याण–डोंबिवली : मुंबई–ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. या मार्गावरील नगरांत मुंबईतील कचेऱ्या, बँका व रेल्वे यांत नोकरी करणारा मराठी मध्यमवर्ग स्थिरावला. वागळे इस्टेट व डोंबिवली येथील औद्योगिक वसाहतींमुळे त्यात कामगार व तंत्रज्ञ यांची भर पडली. इंग्रजी ही कचेरीची व घर मराठीचे, ही या कुटुंबांची भाषास्थिती असल्याने येथील इंग्रजी द्वितीय भाषेचे उत्तम उदाहरण ठरते. दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टने, अर्ज यांत ती सर्वत्र दिसते. परंतु मुलाशी ती बोलणारे घरात बहुधा कोणी नसते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाणे (२०१०) व डोंबिवली (२०१७) येथे भरले. याच नगरांत मराठी माध्यमाच्या कित्येक शाळांतील तुकड्या मात्र कमी होत गेल्या. विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकविणारी ‘सेमी इंग्रजी’ व्यवस्था ही अनेक मराठी शाळांनी काढलेली मधली वाट होय.

जिल्ह्यात सर्वत्र अशीच स्थिती नाही. कल्याणच्या आसपासच्या गावांत आगरी बोली, तर शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर ठाकरी, कातकरी इ. बोली घरात बोलल्या जातात. तेथील मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीच प्रथम शिकावी लागते. भिवंडी व कल्याण येथे उर्दू, तर उल्हासनगरात सिंधी मातृभाषा असलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. म्हणून एकच पाठ सर्व वर्गांना सारखा लागू पडत नाही.

भाषिक अडचणी : मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते. मराठीतील विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, तर त्यांचे काम करणारे इंग्रजी शब्द नामापूर्वी येतात. मराठीत प्रश्नासाठी शब्दक्रम बदलावा लागत नाही. त्यामुळे ‘तू कुठे जातोस?’ याचे ‘यू आर गोइंग व्हेअर?’ असे शब्दशः रूप होते. ‘अ’, ‘अ‍ॅन’ व ‘द’ या उपपदांना मराठीत प्रतिरूप नसल्याने ती गळतात. देवनागरी लेखन बरेचसे उच्चारानुसारी असल्याने ‘बट’ व ‘पुट’ यांतील एकाच स्वराक्षराचे दोन उच्चार मुलाला बुचकळ्यात टाकतात. उलट काही बाबतींत मराठी साहाय्यक ठरते. ‘जग’ व ‘जीव’ यांतील ‘ज’ चे दोन उच्चार परिचित असल्याने ‘झू’ व ‘जून’ या शब्दांतील आरंभीच्या व्यंजनांचा भेद मराठी मुलाला तुलनेने लवकर उमगतो. अशा साम्यभेदांची जाणीव शिक्षकाला असल्यास चुका अपेक्षित धरून पाठाची आखणी करता येते.

वर्गातील वेळ : इंग्रजी केव्हा सुरू केली यापेक्षा ती मुलाच्या कानी व तोंडी किती येते, हे अधिक महत्त्वाचे आहे. आठवड्यास ३५ मिनिटांच्या सहा तासिका धरल्या, तर साडेतीन तास होतात. त्यांपैकी निम्मा वेळ बोलण्यास दिला व ६० मुलांच्या वर्गात एकेकाने उत्तर दिले, तर प्रत्येकाच्या वाट्यास आठवड्याला दोन मिनिटेही येत नाहीत. तोच वेळ जोडीजोडीने संभाषणास दिल्यास प्रत्येकाला सुमारे ५० मिनिटे बोलता येते. यावरून अध्यापनपद्धतीचे महत्त्व स्पष्ट होते. गोष्टी ऐकविणे, सोपी पुस्तके भरपूर वाचावयास देणे आणि अर्थ समजावण्यास गरजेपुरती मराठी वापरणे, ही साधने अल्पखर्चाची आहेत. त्यांसाठी शिक्षकाची स्वतःची इंग्रजी सफाईदार असावी लागते. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक बहुतेक सर्व विषय शिकवीत असल्याने त्याचे सेवांतर्गत प्रशिक्षण हा या व्यवस्थेचा कणा ठरतो.

माध्यम व विषय : इंग्रजी हा विषय शिकणे व इंग्रजीतून सर्व विषय शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पालकांच्या निवडीत त्यांची गल्लत पुष्कळदा होते. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे दैनंदिन संभाषणाची भाषा व अमूर्त विचारासाठी लागणारी अभ्यासाची भाषा यांत फरक आहे, आणि पहिल्या भाषेत कमावलेले विचारकौशल्य दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. ज्या घरात इंग्रजी नाही, तेथील मुलाला आरंभापासून केवळ त्याच भाषेत गणित व विज्ञान शिकविल्यास पाठांतर वाढते व आकलन मागे पडण्याचा धोका असतो. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, असे बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात म्हटले असून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही कल तसाच आहे. तथापि मराठी शाळेत इंग्रजी हा विषय समर्थपणे शिकविला जातो, अशी खात्री पालकांना वाटल्याखेरीज ही तत्त्वे व्यवहारात उतरणे कठीण आहे. म्हणून मराठी माध्यमाचे भवितव्य पुष्कळ अंशी तेथील इंग्रजीच्या तासिकेवरही अवलंबून आहे.