कृत्रिम पाय : खोबणीची जुळणी व संवेदक

शस्त्रक्रियेने पाय काढल्यावर उरलेला भाग (खुंट) कृत्रिम पायाच्या ज्या पेल्यासारख्या भागात बसवितात, त्यास खोबण किंवा सॉकेट म्हणतात. शरीराचा भार खोबणीतूनच कृत्रिम पायावर व पुढे जमिनीवर जातो. त्यामुळे पाऊल किंवा गुडघ्याचा सांधा कितीही चांगला असला, तरी खोबण बोचत असल्यास रुग्ण पाय वापरणे सोडून देतो. खुंट व खोबण यांच्यामधील दाब, घर्षण, तापमान इ. राशी मोजून त्यांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या संवेदकांचा उपयोग ही जुळणी सुधारण्यासाठी करतात.

जुळणीचा प्रश्न : तळपायाची जाड त्वचा व तिच्याखालील चरबीची गादी भार पेलण्यास योग्य असते, नडगीवरील पातळ त्वचा तशी नसते. चालताना पायावर येणारी प्रेरणा शरीराच्या वजनाहून थोडी अधिक असते व ती खुंटाच्या मर्यादित पृष्ठभागावर वाटली जाते. गुडघ्याखाली पाय काढलेल्या रुग्णांच्या खोबणीत काही ठिकाणी सु. ३०० किलोपास्कल दाब मोजण्यात आला आहे. याउलट, यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या रोहिणीकडील टोकाशी मोजलेला रक्तदाब सरासरी ३२ मिमी. पारा, म्हणजे सु. ४.३ किलोपास्कल होता. पाऊल उचलताच दाब उतरतो व रक्त पुन्हा वाहू लागते, म्हणून मोठा पण क्षणिक दाब त्वचा सहन करते. कमी परंतु सतत टिकणारा दाब मात्र तिला अधिक घातक ठरू शकतो. दाबाच्या जोडीला त्वचा आडवी ओढणारे कर्तन प्रतिबल व घाम असल्यास फोड व व्रण लवकर होतात.

खुंटाचे आकारमानही स्थिर नसते. शस्त्रक्रियेनंतरची सूज ओसरण्यास व स्नायू रोडावून आकार स्थिर होण्यास अनेक महिने लागतात. पुढेही पाय घालून वावरताना ऊतकांतील द्रव कमी होऊन खुंट दिवसभरात बारीक होऊ शकतो. मग तो खोबणीत खोलवर उतरतो, पिस्टनप्रमाणे वरखाली सरकतो व हाडाच्या टोकांवर भार येतो. यावर नेहमीचा उपाय म्हणजे खुंटावर जादा मोजे चढविणे हा होय.

परंपरागत पद्धतीत खुंटाचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्यावरून खोबण घडवितात. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी विकसित केलेल्या खोबणीत गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर मुद्दाम अधिक भार घेतात व नाजूक जागी मोकळीक ठेवतात. जुळणीची परीक्षा रुग्णाच्या सांगण्यावरून, पाय काढल्यावर त्वचेवर दिसणाऱ्या लालीवरून व पारदर्शक चाचणी-खोबणीतून पाहून होते. परंतु मधुमेहामुळे तंत्रिका निकामी झालेल्या रुग्णास वेदनाच जाणवत नाही. बोचते आहे, हे त्यास व्रण झाल्यावर कळते आणि असा चिघळलेला व्रण पुन्हा शस्त्रक्रियेस कारणीभूत होऊ शकतो [⟶ मधुमेह]. लहान मुलांनाही नेमके कोठे दुखते ते सांगता येत नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत संवेदकांचे मोल विशेष आहे.

संवेदकांचे प्रकार : (१) विकृतिमापक : ताण पडताच रोध बदलणारी धातूची पातळ पट्टी. खोबणीच्या भिंतीला भोक पाडून बसविलेल्या अशा साधनांनी दाब व कर्तन ही दोन्ही मोजता येतात. मात्र मोजमाप मोजक्याच जागी होते व खोबण कायमची बिघडते. (२) रोधी पटल : दोन पातळ पटलांमधील संवाहक शाईचा रोध दाबानुसार घटतो. सु. ०.२ मिमी. जाडीच्या पटलावर अनेक बिंदू असल्याने दाबाचा नकाशाच मिळतो. (३) धारिता संवेदक : दाबाने दोन पट्टिकांमधील अंतर कमी होऊन धारिता वाढते. (४) जैवसंरोध मापन : त्वचेवरील विद्युत् अग्रांतून अत्यल्प प्रत्यावर्ती प्रवाह सोडून ऊतकांतील द्रवाचा, व त्यावरून खुंटाच्या आकारमानातील बदलाचा, अंदाज करतात. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स व त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीवर विस्तृत काम केले आहे. (५) तापमान व आर्द्रता संवेदक : यांवरून अस्तर व खोबण यांच्या आत साठणारी उष्णता आणि घाम यांची माहिती मिळते.

काही कृत्रिम गुडघ्यांतही संवेदक असतात (उदा., १९९७ मध्ये सादर झालेला सी-लेग). ते सांध्याची हालचाल नियंत्रित करतात. खोबणीच्या जुळणीशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नाही.

उपयोग व मर्यादा : दाबाच्या नकाशावरून तंत्रज्ञास खोबण नेमकी कोठे घासावी अथवा कोठे भरावी हे ठरविता येते व बदलापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता येते. आकारमानातील बदल ओळखून लहान चलित्राने खोबणीच्या झडपा सैल वा घट्ट करणाऱ्या रचनांवरही प्रयोग झाले आहेत. तथापि संवेदकाची जाडी स्वतःच जुळणीत फरक पाडते. वक्र पृष्ठभागावर पटलास सुरकुत्या पडून खोटा दाब नोंदला जातो. घाम, उष्णता व सततचा भार यांमुळे वाचन हळूहळू सरकते. शिवाय अमुक दाबाखाली प्रत्येकास आराम वाटेल अशी एकच मर्यादा नाही. कंडरेवर सुसह्य असलेला दाब नडगीच्या कडेवर असह्य होतो. म्हणून आकड्यांचा अर्थ जागा, कालावधी व त्वचेची स्थिती पाहून, आणि रुग्णाच्या सांगण्याशी पडताळूनच लावावा लागतो.

भारतातील स्थिती : पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये स्थापन झाले. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास प्रमोद करण सेठी व रामचंद्र शर्मा यांनी अनवाणी चालणे, उकिडवे बसणे व ओल्या शेतात काम करणे शक्य करणारे पाऊल तयार केले. अशा वापरात विद्युत् घट व तारा असलेली खोबण टिकविणे अवघड व खर्चाचे असते. परंतु संवेदक प्रत्येक पायात कायमचे असलेच पाहिजेत असे नाही. जुळणीच्या वेळी घालून नंतर काढून घेता येणारा पटलांचा एक संच केंद्रात असल्यास तो अनेक रुग्णांच्या उपयोगी पडू शकतो. ज्यांच्या खुंटाची संवेदना कमी झाली आहे, त्यांची तपासणी अशा संचाने आधी करणे श्रेयस्कर होय.