नाव तिचे फातिमा

माझ्या आईचे नाव फातिमा. गावात तिला कुणी फातमाभाभी म्हणे, कुणी फातमाकाकू, आणि माझी आजी लाडात आली की फत्तू. शिधापत्रिकेवर ती फातमाबी होती, सातबाऱ्यावर फातिमाबी आणि मतदार यादीत फातेमा. एकच बाई, पण सरकारदरबारी तीन. ती गेल्यावर वारसनोंदीसाठी या तिघी एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र मला करून द्यावे लागले. त्या दिवशी मनात आले, की जे नाव आपण जन्मभर ऐकले, त्याची नीट विचारपूस आपण कधी केलीच नाही.

ही विचारपूस पुन्हा निघाली ती गेल्या वर्षी. माझ्या मुलीला मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाचे जावळ काढून नाव ठेवण्याचा विधी. माझी पत्नी म्हणाली, "सासूबाईंचे नाव ठेवू या." घरात क्षणभर शांतता पसरली. मग जावई अदबीने म्हणाले, "अब्बा, नाव सुंदर आहे. पण उद्या या मुलीला शहरात घर भाड्याने शोधायचे आहे, नोकरी शोधायची आहे. ऐकताक्षणीच समोरचा माणूस आखडेल, असे नाव कशाला? सना, आलिया, झारा अशी किती तरी नावे आहेत." मी काहीच बोललो नाही. कारण बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. या नावाविषयी पुढे मी जे वाचले, धुंडाळले, ते आज तुम्हाला सांगतो आहे.

आधी अर्थ पाहू. अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून होतात. धातू तोच राहतो, स्वर आणि उपसर्ग बदलतात आणि नवनवे शब्द जन्माला येतात. आपल्या मराठीत याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. हशील, महसूल आणि तहसील हे तिन्ही शब्द आपण रोज वापरतो. तिघांचाही अरबी धातू एकच, ह-स-ल, म्हणजे मिळणे, गोळा होणे. फातिमा हे नाव फ-त-म या धातूचे. त्याचा मूळ अर्थ तोडणे, वेगळे करणे. आणि विशेष अर्थ म्हणजे मुलाचे अंगावरचे दूध तोडणे. अरबीत दूध तोडण्याला आजही 'फिताम' म्हणतात.

शब्दाचा साचाही आपल्या ओळखीचा आहे. शाहीर, हाकीम, कातिल हे शब्द पाहा. पहिल्या अक्षराला काना आणि दुसऱ्याला वेलांटी असलेला हा अरबी साचा कर्त्याचा. कविता करतो तो शाइर, म्हणजे आपला शाहीर. हुकूम देतो तो हाकीम. तसे दूध तोडते ती फातिमा. म्हणजे मूल एवढे वाढवून झाले, की आता ते आपल्या आधाराशिवाय जेवू शकते, अशी आई. काही जण दूध तुटलेली, तान्हेपण ओलांडलेली मुलगी असाही अर्थ घेतात. ज्या काळात पुष्कळ मुले तान्हेपणीच दगावत, त्या काळात मुलीचे असे नाव ठेवणे म्हणजे आशीर्वादच नव्हे काय? ही जगो, वाढो, हिची लेकरे दूध तुटेपर्यंत आणि त्यापुढेही जगोत. श्रद्धावंतांमध्ये आणखी एक अर्थ सांगितला जातो : जिला परमेश्वराने नरकाच्या आगीपासून तोडले, दूर केले, ती फातिमा.

जाता जाता एक घोटाळा दूर करतो. फातिमा आणि फातिहा यांचा एकमेकींशी संबंध नाही. मृतांसाठी जो फातिहा पढतात, तो कुराणाचा पहिला अध्याय. त्याचा धातू फ-त-ह, म्हणजे उघडणे, जिंकणे. आपला 'फत्ते' शब्द त्याच घरातला. दोन्ही शब्दांतला 'त' सुद्धा अरबीत वेगळा आहे. देवनागरीत आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, म्हणून गफलत होते.

पुष्कळांना वाटते, की हे नाव इस्लामबरोबर आले. तसे नाही. ते त्याआधीपासून मक्केत चांगले रुळलेले होते. पैगंबरांच्या आजीचे, म्हणजे वडिलांच्या आईचे नाव फातिमा. त्यांचे चुलतभाऊ आणि पुढे जावई झालेले हजरत अली यांच्या आईचे नावही फातिमा. हजरत उमर यांच्या बहिणीचे नावही तेच. हदीस ग्रंथांत एक प्रसंग आहे. पैगंबरांकडे एक रेशमी वस्त्र आले. ते अलींना देऊन त्यांनी सांगितले, की हे फाडून 'फातिमांमध्ये' ओढण्यांसाठी वाटून टाक. घरात आणि नात्यात फातिमा इतक्या होत्या, की अरबीत त्या नावाचे अनेकवचनच वापरावे लागले!

पण हे नाव जगभर गेले ते त्यांतल्या एकीमुळे. ती म्हणजे पैगंबरांची मुलगी, अलींची पत्नी, हसन आणि हुसेन यांची आई. पैगंबरांचा वंश पुढे चालला तो याच मुलीकडून. आज जगात जे सय्यद म्हणवतात, ते आपली वंशावळ तिच्यापर्यंत नेतात. मुलीकडून चाललेला वंश ही त्या काळातल्या अरबस्तानात लहान गोष्ट नव्हती. इ. स. ६३२ मध्ये पैगंबर गेले आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत फातिमाही गेल्या.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. घरी गरिबी होती. जाते ओढून ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. मदतीला कुणी नोकर मिळावा, म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. वडिलांनी नोकर दिला नाही. झोपण्यापूर्वी म्हणायला तीन लहान वाक्ये दिली : 'सुब्हानल्लाह' ३३ वेळा, 'अल्हम्दुलिल्लाह' ३३ वेळा आणि 'अल्लाहु अकबर' ३४ वेळा. एकूण शंभर. आजही मुसलमान बायका-पुरुष नमाजनंतर बोटांच्या पेरांवर किंवा मण्यांवर हे मोजतात. त्याला तसबीह-ए-फातिमा म्हणतात. लहानपणी मी आईला ही तसबीह पुटपुटताना ऐकले आहे, आणि त्याच आईला पहाटे जात्यावर शेजारणीबरोबर मराठी ओव्या म्हणतानाही ऐकले आहे. जाते तेच, घट्टेही तेच. आपले नाव ज्या बाईवरून ठेवले, तीही दळण दळत होती, याचे आईला मोठे अप्रूप होते.

फातिमांची बिरुदेही पुढे स्वतंत्र नावे झाली. जहरा म्हणजे तेजस्वी. बतूल म्हणजे संसारापासून मन अलग ठेवलेली. ताहिरा म्हणजे निर्मळ. शिवाय सिद्दीका, जकिया, राजिया. आपल्या ओळखीत एखादी ताहिरा किंवा राजिया असेल, तर तिच्या नावातही फातिमाची सावली आहे. आणि आपल्या खेड्यापाड्यांतला मोहरम आठवा. ताबुतांबरोबर पंजे निघतात. त्यांना खांदा देणाऱ्यांत हिंदू गावकरीही असतात. त्या पंजाची पाच बोटे म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. पाच बोटांत एक बाई आहे, हे पंजा उचलणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

नाव जिथे गेले, तिथल्या जिभेने ते आपलेसे केले. इराणात ते फातेमे झाले, तुर्कस्तानात फात्मा, इंडोनेशियात सिती फातिमा. पश्चिम आफ्रिकेत फातू आणि फातुमाता झाले. आपल्या मुंबईतल्या दाऊदी बोहरा कुटुंबांत ते फातेमा आहे. बोहरा समाजाची धर्मपरंपरा ज्या इमामांकडे जाते, त्यांचे राज्यच या नावाचे होते. इ. स. ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत उभ्या राहिलेल्या या घराण्याने स्वतःला फातिमी म्हणवले. ९६९ मध्ये त्याने इजिप्त घेऊन कैरो शहर वसवले आणि तिथे अल-अझहर मशीद बांधली. पुढे तिचेच प्रसिद्ध विद्यापीठ झाले. मशिदीचे नाव 'जहरा' या बिरुदावरून पडले, असे मानतात. मोरोक्कोतल्या फेज शहरातली करवीयीन मशीद आणि तिथले विद्यापीठ ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने वारशाच्या पैशातून उभारले, असे तिथली परंपरा सांगते.

या नावाची सर्वांत नवलाची वाट मात्र पोर्तुगालला गेली. तिथे फातिमा नावाचे एक गाव आहे. पोर्तुगालच्या भूमीवर काही शतके अरब-मूर लोकांचे राज्य होते, त्या काळाची ही खूण. एका मूर राजकन्येवरून गावाला नाव पडले, अशी दंतकथा आहे. १९१७ च्या मे ते ऑक्टोबर या महिन्यांत त्या गावाजवळ मेंढरे चारणाऱ्या तीन मुलांना मदर मेरीचे दर्शन झाले, असे कॅथलिक श्रद्धाळू मानतात. तेव्हापासून ते जगातले मोठे तीर्थक्षेत्र झाले आणि मेरीमातेला 'अवर लेडी ऑफ फातिमा' हे नाव मिळाले. म्हणून तर गोव्यात ख्रिस्ती घरांतही फातिमा भेटते. मडगावला फातिमा कॉन्व्हेंट आहे, आणि ठाणे-अंबरनाथकडे या नावाची चर्चे आहेत. पैगंबरांच्या मुलीचे नाव येशूच्या आईशी जोडले गेले, आणि कुणाचे काही बिघडले नाही.

पण नावाला केवळ मानच मिळाला, असे मी म्हणणार नाही. फ्रेंचांचे राज्य असताना अल्जीरियात गोऱ्या घरांतल्या कुठल्याही मोलकरणीला सरसकट 'फात्मा' म्हणत. तिचे खरे नाव काय, हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे. नाव ऐकून माणूस ठरवायचा, ही खोड जुनी आहे. माझे जावई म्हणत होते ते हेच.

आपल्याकडच्या फातिमा पाहू. 'मदर इंडिया'ची राधा जिने उभी केली, त्या नर्गिसचे मूळ नाव फातिमा रशीद. पडद्यासाठी ते बदलले गेले. ६ ऑक्टोबर १९८९ रोजी एम. फातिमा बीवी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. केरळातल्या पतनमतिट्टाची ही मुलगी पुढे तामिळनाडूची राज्यपालही झाली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आणि आपल्या पुण्याची फातिमा. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी म्हणून फातिमा शेख यांच्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते, त्यावर वादही झडतात. लेखी पुरावा थोडा आहे, हे खरे. पण जो आहे तो लखलखीत आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेरी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारपणातून उठत होत्या. आपण पुण्यात नसल्यामुळे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे त्यात लिहिले आहे. आडनाव नाही, पदवी नाही, फक्त फातिमा. एका मैत्रिणीने दुसरीवर टाकलेला विश्वास तेवढ्या उल्लेखात आहे. मराठी पत्रात हे नाव असे सहज, घरच्यासारखे येते, तेव्हा ते परके कसे म्हणायचे?

हे सगळे मी लेकीला आणि जावयांना सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले. जन्मनोंद नावाशिवाय झाली होती. नाव नंतर घालता येते. पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला : "अब्बा, कागदावर सना लिहिले. रागावू नका." मी रागावलो नाही. घर मला शोधायचे नाही, तिला शोधायचे आहे. पण खोटे कशाला बोलू, त्या रात्री मला वाईट वाटले. फातिमा बीवींना जे नाव आड आले नाही, ते माझ्या नातीला आड येईल, असे तिच्या आईबापांना आज वाटते. ही भीती त्यांनी घरी बसून तयार केलेली नाही. लग्नानंतर घर शोधताना नाव सांगितल्यावर "जागा गेली" असे उत्तर त्यांनी तीन ठिकाणी ऐकले आहे.

नातीचे पाळण्यातले नाव मात्र फातिमाच आहे. आपल्याकडे कागदावरचे एक आणि पाळण्यातले एक, अशी दोन नावे ठेवायची चाल हिंदू-मुसलमान दोघांतही आहे, ती अशी उपयोगी पडली. माझी पत्नी तिला फत्तू म्हणूनच हाक मारते आणि ती वळून पाहते.

तुमच्या घरी नवे बाळ आले, तर एक अनुभवाचा सल्ला देतो. नाव कोणतेही ठेवा. पण पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत एकाच ऱ्हस्व-दीर्घाने लिहा, म्हणजे माझ्यासारखे प्रतिज्ञापत्र करावे लागणार नाही. आणि मूल जाणते झाले, की त्याला नावाचा अर्थ जरूर सांगा. आमच्या फत्तूचे दूध गेल्या महिन्यात तुटले. आता ती भाकरीचा तुकडा स्वतःच्या हाताने खाते. तिला अर्थ सांगायला अजून चार-पाच वर्षे आहेत. तोवर ही टिपणे मी जपून ठेवणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)