पंचवीस दिवसांचं पीक

संक्रांत उलटली की जुन्नर तालुक्यातल्या रोपवाटिकांमध्ये फोन खणखणू लागतात. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटोची लागवड फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होते आणि रोप तयार व्हायला पंचवीसेक दिवस लागतात. म्हणजे बी जानेवारीतच, घरातला तिळगूळ संपायच्या आत, ट्रेमध्ये पडायला हवं. कुकडी प्रकल्पाचं पाणी असल्याने इथे भर उन्हाळ्यातही टोमॅटो उभा राहतो आणि मे ते जुलैत नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या थप्प्या लागतात. २०२३ च्या जुलैत वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला, ती बातमी देशभर झाली. त्याच वर्षी मे महिन्यात भाव इतका कोसळला होता की तोडणीची मजुरीही निघेना म्हणून कित्येकांनी उभे प्लॉट सोडून दिले. ही बातमी तेवढी गाजली नाही. रोपवाटिकावाल्याला मात्र दोन्ही लक्षात ठेवावं लागतं, कारण यंदाचं बुकिंग गेल्या हंगामाच्या भावावर हलतं.

रोपवाटिकेला गावात कुणी रोपवाटिका म्हणत नाही, नर्सरीच म्हणतात. रस्त्यावरून दिसतं ते हिरवं-पांढरं शेडनेट, बाहेर वाळत घातलेले काळे ट्रे आणि फाटकाशी उभा एखादा ‘छोटा हत्ती’ टेम्पो. आत मात्र एक स्वतंत्र शेती चालू असते. तिचं पीक पंचवीस दिवसांचं, उंची जेमतेम वीतभर, आणि ते काढून दुसऱ्याच्या शेतात लावायचं असतं. टोमॅटोच्या उरलेल्या तीन-चार महिन्यांचं नशीब बऱ्याच अंशी या पंचवीस दिवसांत ठरतं, आणि ते दिवस आता शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात राहिलेले नाहीत. भाजीपाला शेतीत गेल्या तीसेक वर्षांत झालेला सगळ्यात मोठा बदल मला हाच वाटतो. ठिबक आणि मल्चिंग पेपर डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांचं कौतुक जास्त होतं, इतकंच.

पूर्वी रोप घरचं असायचं. विहिरीजवळच्या कसदार तुकड्यात गादीवाफे करायचे. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच हे माप कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत आजही आहे. हेक्टरभर टोमॅटोसाठी तीनेक गुंठे रान रोपांना लागायचं. कुजलेलं शेणखत मिसळायचं, रुंदीला समांतर बोटभर खोल रेघा ओढायच्या, त्यात बी पेरायचं, वर पाचट पसरायचं आणि झारीने पाणी द्यायचं. उगवण किती होईल याची चिंता फारशी नसे. बी घरचं किंवा स्वस्त असे, म्हणून चार जास्त पडलं तरी बिघडत नसे. लागवडीच्या दिवशी वाफा भिजवून रोपं उपटायची. निम्म्या मुळ्या तिथेच तुटायच्या. उघड्या मुळांचं रोप संध्याकाळी लावलं तरी चार-सहा दिवस मान टाकून पडायचं आणि पुढचा आठवडा नांग्या भरण्यात जायचा.

हे गणित बियाण्याच्या किमतीने मोडलं. बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सच्या मनमोहन अत्तावर यांनी १९७३ साली ‘कर्नाटक’ हा संकरित टोमॅटो आणि ‘भारत’ ही संकरित ढोबळी मिरची बाजारात आणली. त्याआधीच जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. संकरित बी महाग का, याचं उत्तर बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या आसपास शेडनेटमध्ये गेलं की मिळतं. तिथे बायका चिमट्याने एकेका कळीतले पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावतात. एका फळामागे एकदा तरी माणसाचा हात लागलेला असतो. असं बी दहा ग्रॅमच्या पुडीत, जवळजवळ मोजून मिळतं. एका ग्रॅमला साधारण तीनशे दाणे. पॉलिहाउसमधल्या रंगीत ढोबळीच्या तर एकेका बियाला काही रुपये पडतात. हे बी वाफ्यात फेकून निम्मं उगवलं तरी चालेल, असं म्हणायला कुणाची छाती होत नाही.

मग एका बियाला एक खोली, हा हिशेब आला. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये जॉर्ज टॉड या भाजी उत्पादकाने १९६० च्या दशकात उलट्या पिरॅमिडच्या आकाराचे कप्पे असलेला ट्रे तयार केला, आपला प्रोट्रे ही त्याचीच पुढची पिढी. आपल्याकडे सर्रास दिसतो तो प्रोट्रे ९८ कप्प्यांचा, सात गुणिले चौदा. काही १०२-१०४ कप्प्यांचेही असतात. प्रत्येक कप्पा वर रुंद आणि खाली निमुळता, तळाला एक भोक. मुळी कप्प्याच्या उतरत्या भिंतीवरून खाली येते. ट्रे जमिनीपासून उचललेला असेल तर भोकाशी हवा लागून मुळीचं टोक वाळतं आणि वरून नव्या बारीक मुळ्या फुटतात. शेतकरी ज्याला ‘पांढरी मुळी’ म्हणतो, आणि जिच्यासाठी तो पुढे ह्युमिकच्या बाटल्या विकत घेतो, ती इथे नुसत्या एका भोकामुळे मिळते. ट्रे जमिनीवरच टेकवून ठेवला तर मुळ्या भोकातून खाली मातीत घुसतात, उचलताना तुटतात आणि सगळा फायदा वाया जातो. सगळ्या नर्सऱ्यांना हे माहीत असतं. स्टँडचा खर्च सगळ्यांना परवडत नाही.

कप्प्यात माती नसते, कोकोपीट असतं. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, पोलाचीकडून दाबलेल्या विटांच्या रूपात येतो. पाच किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते. त्यात नारळातलं सोडियम आणि पोटॅशियम असतं, म्हणून चांगली नर्सरी ते धुते, क्षारता मोजते, मगच वापरते. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये बी उगवतं, पण पानांच्या कडा करपतात आणि दोष बियाण्यावर येतो. ओलावा किती हवा याची चाचणी साधी आहे. मूठभर घेऊन दाबायचं. थेंब-दोन थेंब सुटले तर ठीक, धार लागली तर परत वाळवायचं. एका ट्रेला सव्वा किलोच्या आसपास कोकोपीट लागतं. एकरी सहा हजार रोपांचा हिशेब धरला तर बासष्ट ट्रे होतात, म्हणजे जेमतेम दहा चौरस मीटर जागा. गादीवाफ्याचं एकरी सव्वा गुंठा रान आणि हे दहा चौरस मीटर यांची तुलना केली की हा धंदा का फोफावला ते कळतं.

बी लावण्याचं काम जवळपास सगळीकडे बायकाच करतात. भरलेले ट्रे एकावर एक ठेवून वरून दाबले की प्रत्येक कप्प्यात अर्ध्या सेंटिमीटरची खळगी पडते. डाव्या तळहातावर बी घ्यायचं, उजव्या हाताच्या बोटाने एकेक दाणा खळगीत सोडायचा. सराव झालेला हात खाली न बघताच फिरतो आणि गप्पांमध्ये खंड पडत नाही. हवेच्या दाबाने बी उचलून टाकणारी यंत्रं मोठ्या नर्सऱ्यांत आली आहेत. टोमॅटोचं लवदार, चपटं बी मात्र यंत्रालाही कधीकधी दोन-दोन चिकटतं, मग मागून एक बाई बसवावीच लागते.

बी झाकलं की ट्रे आठ-दहाच्या थप्प्या करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. आतली ऊब पंचवीस ते तीस अंश राहिली तर टोमॅटो तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलतो. मिरची आठवडाभर वाट पाहायला लावते. नेमकी जानेवारीतली रात्र इथे नडते. जुन्नर-निफाडच्या थंडीत पारा दहाच्या खाली गेला की उगवण रेंगाळते, म्हणून थप्प्या बंद खोलीत हलवून बल्ब लावावे लागतात. पण खरी कसरत थप्पी सोडण्याच्या वेळेची. कोंब वाकडी मान करून वर येताना दिसला की त्याच तासात ट्रे पसरायचे. सकाळी बघितलं आणि संध्याकाळी सोडू म्हटलं तर अंधारात कोंब दोरे होऊन जातात. पांढरेफटक, लांबलचक, पुढे कितीही ऊन दाखवलं तरी न सावरणारे. एका दुपारच्या आळसाने शेकडो ट्रे जाऊ शकतात. बी वरवर झाकलं असेल तर दुसरीच अडचण येते. बियाचं टरफल दोन पानांवर टोपीसारखं अडकून राहतं आणि पानं उघडतच नाहीत. मग पाणी फवारून टोपी मऊ करायची आणि ज्याची सुटली नाही त्याचा नाद सोडायचा.

त्यानंतरचे वीस दिवस बाहेरून कंटाळवाणे दिसतात. सकाळी पाणी, दुपारी पाहणी, आठवड्याने विद्राव्य खताची हलकी आळवणी. संध्याकाळी शक्यतो पाणी द्यायचं नाही, कारण रात्रभर ओलं राहिलेलं रोप देठाच्या बुडाशी बारीक होऊन आडवं पडतं. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशा यामागे असतात. ट्रेच्या एका कोपऱ्यातली चार रोपं सकाळी कोलमडलेली दिसली की तो कोपरा कोकोपीटसकट काढायचा, बाकीच्यांना औषधाची आळवणी द्यायची. वसंतातलं हवामान त्यात भर घालतं. पहाटे गारठा, दुपारी पस्तिशीकडे झेपावणारं ऊन. माघात रात्री झाकायचं प्लॅस्टिक फाल्गुनात गुंडाळून ठेवावं लागतं आणि होळीनंतर दुपारच्या सावलीची काळजी सुरू होते. सावली जास्त झाली तर रोप उंचाळतं, कमी झाली तर ट्रेच्या कडेचे कप्पे वाळतात. कडेच्या ओळीतली रोपं नेहमी थोडी खुजी असतात. ट्रेकडे बघून नर्सरीवाल्याचा हात ओळखायचा असेल तर मधली रोपं पाहू नयेत, कडेची पाहावीत.

बुरशीचा बंदोबस्त होतो. धंद्याची झोप उडवतो तो व्हायरस. पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणू आणते, फुलकिडे दुसरे आणतात. म्हणून चाळीस-पन्नास मेशची कीटकरोधक जाळी आणि दारात दुहेरी पडदा हवा. लहान नर्सरीत जाळी असते, पण मालवाहू गाडी आत-बाहेर करताना पडदा दिवसभर बाजूला बांधून ठेवलेला असतो. घोळ असा की रोपाला बाधा झाली तरी लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. नर्सरीतून हिरवंगार निघालेलं रोप शेतात गेल्यावर पानं वळवतं. तोवर शेजारच्या जुन्या प्लॉटमधूनही माशी आलेली असते. मग रोग कुठे लागला, हे कुणी कसं सांगायचं?

२०२० च्या उन्हाळ्यात हा प्रश्न फार कडवट झाला. जुन्नर, अकोले, संगमनेर भागात टोमॅटोची फळं धड लाल होईनात, पिवळे-पांढरे पट्टे घेऊन कडक राहू लागली. त्याला ‘तिरंगा’ नाव पडलं. हा रोग माणसांना होतो अशी अफवाही उठली आणि आधीच टाळेबंदीत अडकलेला भाव आणखी खाली गेला. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवर येणाऱ्या मोझॅकचा विषाणू सापडला. तो मावा पसरवतो आणि शेकडो वनस्पतींवर राहतो. पण गावात राग आधीच बियाणं आणि रोपांवर निघून गेला होता.

सगळा दोष नर्सरीकडे नसतो, हेही लिहायला हवं. शेतकरी वीस तारखेचं बुकिंग करतो आणि बेड तयार नाहीत, मजूर मिळाले नाहीत, भाव पडले म्हणून दहा दिवस उशिरा येतो. तोवर रोप कप्प्यात जून होतं, मुळ्या गोल गोल गुंडाळतात, कधी ट्रेमध्येच कळी दिसते. मग पाणी तोडून किंवा वाढ रोखणारं औषध मारून रोप थोपवलं जातं. असं थोपवलेलं रोप दिसायला जाड, काळंभोर आणि आटोपशीर असतं, ग्राहकाला आवडतंही, पण शेतात गेल्यावर ते लवकर पळत नाही. घ्यायला जाणाऱ्याने उंची बघू नये. भिजलेल्या ट्रेमधून देठाला धरून एक रोप उपटून पाहावं. गोळा अख्खा सुटला, मुळ्या पांढऱ्या असल्या आणि त्यांनी कोकोपीट नुसतं धरून ठेवलं असेल तर रोप वेळेवर आहे. मुळ्यांचा तपकिरी दोरखंड झाला असेल तर गाडी रिकामी परत नेलेली बरी.

राज्य सरकारने २०२० साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने रोपवाटिका योजना काढली. हजार चौरस मीटरच्या शेडनेटसह निम्मं अनुदान आणि महिला कृषी पदवीधरांना पहिलं प्राधान्य. बी लावणारे हात बायकांचे आणि गल्ल्यावर बसणारा बहुतेक पुरुष, या धंद्यात हा प्राधान्यक्रम शहाणपणाचा आहे. कलमी रोपांचंही पर्व सुरू झालं आहे. रायपूरकडून रानवांग्याच्या खुंटावर बांधलेली वांग्याची कलमं विदर्भात येतात. साध्या रोपाच्या कितीतरी पट किंमत, तरीही मर रोगाने गांजलेल्या जमिनीत लोक ती लावतात.

जबाबदारीची दोरी मात्र अजून कुणाच्या हातात नीट आलेली नाही. फळरोपांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे. आंब्याचं कलम विकणाऱ्याला मातृवृक्ष दाखवावा लागतो. भाजीच्या रोपाची अडचण अशी की तक्रार पोहोचून पाहणीची तारीख लागेपर्यंत ट्रे धुऊन त्यात पुढची मिरची पडलेली असते. बियाणे कंपनी नर्सरीकडे बोट दाखवते, नर्सरी हवामानाकडे. त्यामुळे जाणते शेतकरी आता बियाण्याची पुडी स्वतः विकत आणून नर्सरीला देतात आणि रोप वाढवण्याचे पैसे तेवढे मोजतात. नीटनेटक्या नर्सरीच्या वहीत गाव, वाण, लॉट क्रमांक, ट्रेची संख्या आणि पेरणीची तारीख लिहिलेली असते. पुडी फोडताना आपण समोर असावं, रिकामी झाली की पावतीसोबत घरी आणावी आणि शेवटचा तोडा होईपर्यंत जपून ठेवावी, असा सल्ला कृषी खात्याची माणसंही देतात. पंचनाम्याची वेळ आली तर दाखवायला तेवढाच कागद उरतो.