पगारवाढ नको म्हणणारा तरुण



गोष्ट २०२४ सालच्या मार्च महिन्यातली. उपवासकाळातल्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातला एक तरुण आमच्या पडवीत येऊन बसला. बेळगावातल्या एका फौंड्रीत तो सहा वर्षे कामाला आहे. घरची दोन एकर जमीन वडील पाहतात. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "फादर, मालक पगार वाढवून देतो म्हणाले. मी नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

पगारवाढ नको म्हणणारा माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. पण त्याने हिशेब मांडला तेव्हा तो आम्हांला पटला. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून या महिन्यात खते व बियाणे बाजूला ठेवून आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

त्याचा पगार होता २०,६०० रुपये. मालक त्याला सुपरवायझर करून २२,००० देणार होते. कामगार विमा योजना, म्हणजे आपण ज्याला 'ईएसआयचे कार्ड' म्हणतो ती, २०१७ च्या जानेवारीपासून महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होती. मर्यादा ओलांडली की कामगार योजनेबाहेर. भविष्य निर्वाह निधीची कपात सोडली, तर त्याच्या हातात महिन्याला सुमारे १,५५५ रुपये जास्त पडले असते: १,४०० वाढीचे आणि १५५ विम्याची वर्गणी वाचल्याचे. आणि जाणार काय होते? त्याच्या आईला स्तनाचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया त्या कार्डावर झाली, पुढची औषधेही त्यावरच चालू होती. ईएसआयमध्ये कामगाराच्या किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या उपचाराला खर्चाची वरची मर्यादा नाही. दीड हजार रुपयांत कर्करोगाची औषधे कुठली येणार?

हे कार्ड काय आहे ते आपल्यापैकी पुष्कळांना नीट ठाऊक नसते. कायदा १९४८ चा. योजना प्रत्यक्ष सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ रोजी, कानपूर आणि दिल्ली येथे. कामगाराने थोडे द्यायचे, मालकाने जास्त द्यायचे. १ जुलै २०१९ पासून दोघांची मिळून वर्गणी पगाराच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आली: मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. त्या बदल्यात साध्या तापाच्या गोळ्यांपासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत उपचार. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. मात्र त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. बाळंतपणासाठी स्त्री कामगाराला २६ आठवडे भरपगारी रजा. रोपलावणीला जाणाऱ्या आमच्या भगिनींना यातले काय मिळते, हा प्रश्न आम्ही येथे नुसता नोंदवून ठेवतो.

तेव्हा मुलगा फौंड्रीत कशासाठी जातो? केवळ पगारासाठी जातो असे आपण समजतो. आम्ही घरभेटीला जातो तेव्हा वेगळे ऐकू येते. थोरला मुलगा कारखान्यात, धाकटा शेतात, अशी वाटणी अनेक घरांनी केली आहे, आणि थोरल्याने नोकरी सोडू नये याचे पहिले कारण कार्ड हे असते. ऊस बरा गेला, दोन म्हशी दुभत्या झाल्या, शेतात त्याच्या हातांची गरज पडली, तरी तो परत येत नाही. शेतात पैसा नाही म्हणून नव्हे. आईवडील म्हातारे आहेत म्हणून.

अमेरिकेत हाच पेच मोठ्या प्रमाणावर आहे. तेथे कोट्यवधी लोकांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो, आणि विमा जाईल या भीतीने माणसे नावडती नोकरीही सोडत नाहीत. तेथे २०१० साली मोठा सुधारणा कायदा झाला. त्यात पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकाने, आठवड्याला तीस तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना विमा द्यावा, नाहीतर दंड भरावा, असे ठरले. मग कामगाराला एकोणतीस तासच काम देण्याची युक्ती काही मालकांना सुचली. कायदा कुठेतरी रेघ ओढतो आणि माणसे रेघेच्या सोयीच्या बाजूला उभी राहतात.

आपल्याकडची रेघ दहा कामगारांची. दहा जण झाले की योजना लागू. म्हणून बारा माणसे राबत असताना हजेरीपुस्तकावर नऊच नावे असलेली ठिकाणे आहेत. कोठे, ते वाचकांना ठाऊक आहे. कुणी ठेकेदार म्हणतो, "कार्ड पाहिजे तर सतरा हजार, नको असेल तर साडेसतरा रोख." तरुण मुले साडेसतरा घेतात. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याने मना आहे. पण पुढच्या वर्षीची वाढ थोडी कमी दिली, तर ते कोण सिद्ध करणार? मालकाच्या खिशातून गेलेले सगळेच पैसे शेवटी मालकाच्या खिशातून जातात असे नाही. तरीही आमचे मत स्पष्ट आहे. लग्न झालेल्या, म्हातारे आईवडील असलेल्या माणसाने पाचशे रुपयांसाठी कार्ड सोडू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेची नवी संहिता देशात लागू झाली आहे. दहापेक्षा कमी माणसे असली, तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांनी मिळून ठरवले तर त्यांना आता योजनेत येता येते. लहान वर्कशॉप चालवणारे आपले काही ख्रिस्तबंधू आहेत. त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

मात्र एक जुनी वगळणूक तशीच राहिली आहे, आणि ती आपल्या भागाला जास्त लागते. हंगामी कारखाने या योजनेबाहेर आहेत, आणि केवळ साखर किंवा गूळ करणारा कारखाना कायद्याच्या लेखी हंगामी आहे. गाळपावर किंवा गुऱ्हाळावर चार महिने रात्रपाळी करणाऱ्याला हे कार्ड मिळत नाही. ऊस तोडणाऱ्यांची गोष्ट तर विचारूच नये.

मग शेतावरच राहू इच्छिणाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठी आपल्या राज्यात यशस्विनी आहे. सहकारी सोसायट्यांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ही योजना २००३ साली सुरू झाली, तेव्हा वर्गणी माणशी वर्षाला साठ रुपये होती. २०१८ मध्ये ती आरोग्य कर्नाटक योजनेत विलीन केली गेली. त्यामुळे बीपीएल रेशनकार्ड नसलेले मध्यम शेतकरी अडचणीत आले, कारण त्या योजनेत बीपीएलवाल्यांना वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार असले, तरी इतरांना ठरलेल्या दराच्या तीस टक्केच आणि तेही दीड लाखापर्यंत. १ जानेवारी २०२३ पासून यशस्विनी पुन्हा सुरू झाली. ग्रामीण सभासदाच्या चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि मर्यादा पाच लाखांची. नोकरीची अट नाही. मालक कोण, असे कुणी विचारत नाही. सोसायटीचे किंवा दूध संघाचे सभासदत्व पुरते. मात्र नावनोंदणी मुदतीत करावी लागते आणि दर वर्षी करावी लागते. ज्यांनी या वर्षी केलेली नाही त्यांनी सोसायटीच्या सचिवांना भेटावे. ही योजना मुख्यतः इस्पितळातल्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या आपल्या खिशातूनच घ्याव्या लागतात, हा तिच्यातला आणि ईएसआयमधला मोठा फरक.

बीपीएल कार्डाचीही एक रेघ आहे: वर्षाला १ लाख २० हजारांचे उत्पन्न. हे कार्ड जाऊ नये म्हणून पगार रोख मागणारे, नाव कुठे लावू नका म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना खोटे म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणत नाही. पण ते ईएसआयलाही मुकतात, हे त्यांना सांगतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी परिपत्रक काढले, त्याचे नाव 'लाबोरेम एक्झेरसेन्स'. कामगाराला वैद्यकीय मदत सहज मिळावी, शक्य तितकी स्वस्त, किंबहुना मोफत मिळावी, असे त्यात आहे. शेतकऱ्याच्या श्रमाचाही त्यात निराळा विचार आहे. सेमिनरीत असताना आम्ही ते परीक्षेपुरते वाचले होते. त्या तरुणाच्या भेटीनंतर पुन्हा काढून वाचले.

त्याला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, वाढ एप्रिलच्या एक तारखेपासून लागली तर वर्गणी तेथेच थांबते आणि जुन्या वर्गणीचा हक्क संपला की दवाखानाही; पण ती मे महिन्यापासून लागली तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि त्यावरचा हक्क त्यानंतरही काही महिने पुरतो. दुसरी, मर्यादा मोजताना ओव्हरटाइमचे पैसे धरत नाहीत. ज्यांच्यापुढे असा प्रसंग येईल त्यांनी मर्यादा आता किती आहे हे आधी ईएसआयच्या कार्यालयात विचारावे. ती पूर्वी अनेकदा वाढली आहे.

त्याने मालकांशी बोलून पगार तोच ठेवला आणि ओव्हरटाइम मागून घेतला. तो रात्री उशिरा घरी येतो, शेतात त्याचा पाय लागत नाही. सुपरवायझरची जागा त्याच्यानंतर लागलेल्या मुलाला मिळाली, आणि त्या मुलाचा पगार आज याच्यापेक्षा बराच पुढे गेला आहे. आईची औषधे कार्डावर चालू आहेत. बाबा त्याच्याशी बोलू लागले ते सुगी झाल्यावर, तेही बैलांविषयी.