फोटोतला बर्फ करडा का येतो?

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगावातून मनालीला किंवा गुलमर्गला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमधले फोटो पाहायला बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. माणूस सांगत असतो, "डोळे दिपत होते हो, इतकं पांढरंशुभ्र होतं सगळं." फोटोत मात्र बर्फ राखेसारखा करडा आणि घरची माणसं काळवंडलेली. मग कारणं निघतात: त्या दिवशी ढग होते, मोबाइल स्वस्तातला होता, थंडीनं कॅमेरा बिघडला. खरं कारण बहुतेक वेळा यातलं एकही नसतं. वर्षानुवर्षं पैसे साठवून केलेल्या सहलीचे फोटो असे वाया जातात, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण ही चूक सुधारायला नवा मोबाइल लागत नाही, आणि तिचा सराव आपल्याकडे, कापसाच्या ढिगासमोरच करता येतो.

"कॅमेऱ्याला पांढरं ते पांढरंच दिसतं"

नाही दिसत. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरून परतून आलेला प्रकाश तेवढा मोजतो. तो प्रकाश जास्त का आहे, ऊन कडक आहे म्हणून की समोरची वस्तूच पांढरी आहे म्हणून, हे त्याला उमगत नाही. म्हणून त्याची रचना एका अंदाजावर केलेली असते: समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 18 टक्के परत पाठवणारं असेल. झाडं, घरं, रस्ता, माणसं असं सरमिसळ दृश्य असलं की हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. ताजा बर्फ मात्र 80 ते 90 टक्के प्रकाश परत पाठवतो. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फारच झाला. तो फोटो अंधारा करून बर्फाला आपल्या ओळखीच्या करड्या रंगावर आणून ठेवतो, आणि बर्फापुढे उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही त्याबरोबर काळवंडतो.

याचं उलटं उदाहरण आपल्या शिवारात आहे. पावसानंतरच्या ओल्या काळ्या रानाचा फोटो काढा, फ्रेममध्ये दुसरं काहीही येऊ देऊ नका. आपली काळीभोर माती फोटोत फिकट, धुरकट उतरते. कारण तेच, इथे कॅमेऱ्याला उजेड कमी वाटतो आणि तो फोटो उजळवतो. काळी जमीन आणि तिच्यातून आलेला पांढरा कापूस, प्रकाशमापकाला फसवणारी दोन्ही टोकं वर्धा जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरचीच आहेत. छायाचित्रण शिकायला इतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

सराव असा करा. डिसेंबर-जानेवारीत घरी वेचलेला कापूस साठवलेला असतो, पुलगावकडे जिनिंगच्या आवारात मोठाले ढीग लागतात. परवानगी घेऊन जा, आणि आगीची कसलीही वस्तू सोबत नेऊ नका. ढीग उन्हात असावा. घरच्या कुणाला तरी समोर उभं करा आणि फ्रेमचा बहुतेक भाग कापसानं भरा. पहिला फोटो जसा येईल तसा काढा. दुसऱ्याच्या वेळी पडद्यावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाइलवर शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह उमटतं, ते थोडं वर सरकवा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एकवर न्या. दोन्ही फोटो सावलीत बसून शेजारी शेजारी पाहा. कापूस बर्फापेक्षा थोडा पिवळसर आणि कमी चमकणारा असतो. उन्हातल्या बर्फाला म्हणूनच आणखी थोडं वाढवावं लागतं, साधारण अधिक एक ते अधिक दोनच्या दरम्यान.

वाढवण्यालाही हद्द आहे. फार वाढवलं तर बर्फावरच्या लाटा, पावलांचे ठसे, कणांची चमक सगळं पुसून नुसता कोरा कागद उरतो. "नंतर ॲपमध्ये ठीक करू" हे इथे चालत नाही. अंधारा फोटो काही प्रमाणात उजळता येतो, दाणे येतात पण चित्र वाचतं. पांढऱ्यात विरून गेलेला तपशील मुळात नोंदलाच गेलेला नसतो, तो कोणतंही ॲप परत आणू शकत नाही. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दिसत असेल तर पडद्यापेक्षा त्यावर विसंबा. बर्फाच्या लखलखाटात पडदा नेहमीच अंधारा वाटतो. नव्या मोबाइलमधली एचडीआरची सोय ही चूक बरीच कमी करते, पण फ्रेम पांढऱ्यानंच भरली असेल तर तीही फसते.

"सावलीतला बर्फ निळा आला, म्हणजे रंग बिघडले"

रंग बरोबर आहेत. उघड्या आभाळाखाली सावलीत थेट ऊन पोचत नाही, पोचतो तो निळ्या आभाळाचा प्रकाश, आणि बर्फ जो रंग अंगावर पडेल तोच परत देतो. आपला मेंदू तो निळेपणा वजा करून टाकतो, कॅमेरा पूर्ण वजा करत नाही. व्हाइट बॅलन्स बदलून निळा कमी करता येतो. माझं मत विचाराल तर सगळा काढू नका. थंडी फोटोत दिसते ती त्या निळ्या छटेनंच.

"थंडीत बॅटरी मरते, आणि बाहेरच्या गारठ्यानं लेन्सवर वाफ धरते"

यातला पहिला अर्धा अपुरा आहे आणि दुसरा चक्क उलटा.

लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आतला अवरोध वाढतो आणि 40 टक्के दाखवणारा मोबाइल अचानक बंद पडतो. ती बॅटरी मेलेली नसते. आतल्या खिशात, अंगाच्या उबेत थोडा वेळ ठेवली की उरलेला भार बराचसा परत मिळतो. दोन बॅटऱ्या असतील तर एक कॅमेऱ्यात आणि एक स्वेटरच्या आत ठेवून आलटून पालटून वापरा. एक काळजी मात्र नक्की घ्या: गोठलेला मोबाइल तसाच चार्जिंगला लावू नका. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास बॅटरीच्या आत धातूरूप लिथियम साचतो, आणि ते नुकसान कायमचं असतं.

आता वाफेचं. पावसाळ्यात थंड पाण्याचा गडू ओट्यावर ठेवला की त्याला घाम फुटतो. घाम गार वस्तूला सुटतो, आणि तोही उबदार, दमट हवेत. बर्फात तीन तास हिंडलेला कॅमेरा म्हणजे तो गडू, आणि हीटर लावलेली हॉटेलची खोली म्हणजे आपला ओटा. बाहेर जाताना धोका फारसा नाही, तो आत येताना आहे. पाणी नुसतं काचेवर नाही, कॅमेऱ्याच्या आतही धरू शकतं. उपाय फुकटातला आहे. बाहेर असतानाच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत घाला, आतली हवा शक्य तेवढी काढा, आणि मगच खोलीत या. कॅमेरा खोलीइतका उबदार होईपर्यंत, एक-दोन तास, पिशवी उघडू नका. पाण्याचे थेंब पिशवीवर धरतील. त्याच संध्याकाळी फोटो पाहायचे असतील तर कार्ड बाहेरच काढून घ्या. आणि लेन्सवर तोंडानं फुंकर मारू नका. श्वासातली वाफ काचेवर गोठून बसते.

"चांगल्या फोटोसाठी महागडा कॅमेराच हवा"

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचं गाव आहे. तिथल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याच्या मुलानं 15 जानेवारी 1885 रोजी, वयाच्या 19व्या वर्षी, भात्याचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून हिमस्फटिकाचं छायाचित्र काढलं. पुढे आयुष्यभर त्यानं शेती केली आणि 5,000हून अधिक स्फटिकांची छायाचित्रं काढली. काळ्या पाटीवर बर्फ झेलायचा, अलगद उचलायचा आणि न तापवलेल्या गार छपरात काम करायचं, म्हणजे स्फटिक वितळत नाही. त्याची पद्धत इतकी साधी होती. त्याच्या निवडक छायाचित्रांचं पुस्तक 1931 साली निघालं, आणि त्याच वर्षअखेर तो गेला. काळी पार्श्वभूमी ही त्याची युक्ती आजही उपयोगी पडते: पडता बर्फ फोटोत दिसत नाही अशी तक्रार असेल तर मागे आभाळाऐवजी देवदाराची गर्द रांग घ्या. आणि फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर जवळच्या कणांचे पांढरे भपके चेहऱ्यावर येतात.

"आपल्याकडेही बर्फ पडतो, फोटो आलेत की"

दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या 'बर्फवृष्टी'चे फोटो मोबाइलवर फिरतात. तिथे वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात पहाटे दिसतात ते हिमकण, म्हणजे गोठलेलं दव. निरभ्र, शांत रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आभाळाकडे सोडून आसपासच्या हवेपेक्षाही गार होतात. हवेचं तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर मोजतात, म्हणून नोंद शून्याच्या वर असतानाही गवतावर दव गोठू शकतं. आभाळातून काहीच पडलेलं नसतं. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला, तेव्हाही बर्फ पडला नाही. अशी कडाक्याची रात्र येते तीच कोरड्या, ढग नसलेल्या हवेत.

पांढरी शेतं आपण पाहतो ती गारपिटीनंतर. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झाली तशी. गारा थंडीच्या लाटेत तयार होत नाहीत. उंच चढलेल्या वादळी ढगांत हवेचे जोरकस झोत थेंबांना वर फेकतात, ते गोठतात, थरावर थर चढतात. म्हणूनच गारा बहुधा ऊन तापू लागल्यावर येतात. 'विदर्भाचं काश्मीर झालं' अशा ओळी लिहून ते फोटो पुढे पाठवले जातात, तेव्हा जीव तुटतो. त्या पांढऱ्या थराखाली कुणाचा गहू आडवा झालेला असतो, कुणाचा हरभरा झडलेला असतो, संत्र्याचा बहार गळालेला असतो.

अशा वेळी फोटो जरूर काढा, पण तो कास्तकाराच्या कामाचा काढा. विजा थांबल्याशिवाय शेतात जाऊ नका. थांबल्या की लगेच जा, कारण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गारा वितळून गेलेल्या असतात. मोबाइलमधली जागेची आणि वेळेची नोंद सुरू ठेवा. एक फोटो दुरून घ्या, त्यात बांधावरचं झाड किंवा विहीर अशी शेताची खूण येऊ द्या. दुसरा जवळून, गारेशेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून, म्हणजे आकार कळेल. तिसरा झोडपलेल्या पिकाचा. आणि सूर्याचं ते छोटं चिन्ह इथेही वर सरकवा, नाहीतर गारांचा पांढरा थर करडा येईल आणि खाली पडलेलं पीक अंधारात जाईल.