अंबारीच्या हत्तीची निवड

येलवाल हे नाव मराठी माणसाच्या कानांवर पहिल्याने पडले ते ग्रामदानाच्या निमित्ताने. १९५७ च्या सप्टेंबर महिन्यात म्हैसूरजवळच्या या लहानशा गावी निरनिराळ्या पक्षांचे पुढारी विनोबांच्या भेटीस जमले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान पंडित नेहरू आले, आणि चार दिवस गावाचे नाव देशभर दुमदुमले. परंतु येलवाल ज्या रस्त्यावर वसले आहे त्या रस्त्याची ख्याती याहून जुनी आहे. म्हैसूरहून हुणसूरकडे आणि तेथून पुढे कोडगूच्या डोंगरांत जाणारा हा मार्ग होय. म्हैसूरच्या दसऱ्यासाठी नागरहोळेच्या अरण्यातून हत्ती येतात ते याच वाटेने. पूर्वी ते पायी येत आणि अरण्याच्या कडेवरील वीरनहोसहळ्ळीपासून राजवाड्यापर्यंतचा सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास मुक्काम करीत करीत पुरा होई. आता वीरनहोसहळ्ळीस हत्तींची पूजा होते, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि नंतर हे गजराज मालमोटारींत चढतात. या प्रस्थानास कन्नडमध्ये 'गजपयण' म्हणतात. दसऱ्याच्या सुमारे दोन महिने अगोदर हा सोहळा होतो. अलीकडच्या वर्षांत दोन तुकड्या मिळून १४ हत्ती येत असतात.

या चौदांपैकी एकाच्या पाठीवर विजयादशमीच्या दिवशी सोन्याची अंबारी चढते. तो कोणता, हे कोण आणि कशावरून ठरविते?

सर्वसामान्य समजूत अशी की, जो सर्वांत थोर आणि बलाढ्य तोच निवडला जात असावा. आजकाल मुले संगणकावर अद्भुतरम्य खेळ खेळतात, त्यांत आपल्या वीरासाठी एखादा सोबती प्राणी निवडावयाचा असतो. त्याचे बळ, वेग, सहनशक्ती हे सारे पडद्यावर आकड्यांत मांडलेले असते आणि त्याचे शिक्षण म्हणजे तो आकडा वाढविणे. निवड इतकी सोपी असती तर म्हैसूरच्या वनाधिकाऱ्यांची झोप पुष्कळच वाढली असती. आकडे तेथेही असतात. हत्ती शहरात येताच त्यांना वजनकाट्यावर नेतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचे वजन वर्तमानपत्रांत छापून येते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भीम आणि अभिमन्यू हे दोघेही ५,००० किलोंच्या वर भरले. त्यांत भीमाचे वजन अधिक होते. तरीही अंबारी वाहिली ती अभिमन्यूनेच.

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीपासून विचारात घेतला गेला आहे. कौटिल्याने कोणत्या देशचे हत्ती उत्तम आणि कोणते कनिष्ठ याची प्रतवारीच लावून ठेवली. कलिंग आणि अंग देशांचे उत्तम, सौराष्ट्राचे कनिष्ठ. आणि अपरान्ताचे, म्हणजे आपल्या कोकणचे, मध्यम! कोकणवासीयांनी यात फार वाईट मानून घेऊ नये, कारण पुढे लगेच तो सांगतो की, शिक्षणाने या सर्वांचेच बळ, वेग आणि तेज वाढते. पिल्ले, रोगी हत्ती, गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या हत्तिणी यांना धरू नये, असाही त्याचा दंडक आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही हत्तींचे प्रकरण विस्ताराने आले आहे.

प्रत्यक्षात मात्र म्हैसूर संस्थानास हत्ती मिळाले ते खेड्ड्यांमधून. कळपाच्या कळप हाकून एका भक्कम कुंपणात कोंडण्याच्या पद्धतीस खेड्डा म्हणतात. हैदर अलीने हा प्रयत्न केला, तो फसला, आणि जो कोणी पुन्हा असे धाडस करील त्याला शाप देणारा लेख त्याने दगडावर कोरून ठेवला, अशी हकीकत सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या ग्रंथात दिली आहे. तो शाप सँडरसनला बाधला नाही. १८७३-७४ च्या सुमारास त्याने म्हैसूरच्या अरण्यांत खेड्डा यशस्वी करून दाखविला आणि पुढे काकनकोटे येथे कबिनी नदीत कळप उतरवून धरण्याची प्रथा पडली. देशोदेशींचे पाहुणे हा खेळ पाहावयास येत. 'एलिफंट बॉय' या १९३७ च्या इंग्रजी चित्रपटाने जगप्रसिद्ध झालेला साबू हा याच भागातील कारापूरच्या माहुताचा मुलगा. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि काकनकोट्याच्या त्या रंगभूमीवर कबिनी धरणाचे पाणी चढले. आता हत्ती धरावयाचा तो शेतीचा आणि माणसांचा नाश करू लागला, आणि दुसरा इलाज उरला नाही, तरच. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य मुळातच संपुष्टात आले आहे. जो हत्ती तंट्यामुळे हाती येईल त्यालाच शिकवावयाचे.

हे पहिले शिक्षण पाहावयास सुखद नसते. धरलेल्या हत्तीस जाडजूड ओंडक्यांच्या कोंडीत उभे करतात. तेथे त्याला धड वळताही येत नाही. या कोंडीस तिकडे 'क्राल' म्हणतात. पहिले काही दिवस तो ओंडक्यांवर डोके आपटतो, सोंड फेकतो, अन्नाला शिवत नाही. माहूत कोंडीबाहेर बसून राहतो. तो बोलतो, कधी गुणगुणतो, ऊस आणि भाताचे गोळे पुढे करतो, लांब बांबूने पाठ चोळतो, अंगावर पाणी ओततो. बांबू दिवसेंदिवस आखूड होत जातो आणि अखेरीस हात अंगाला लागतो. याला काही महिने लागतात. अंकुशाचे काम यात असते हे खरे, परंतु केवळ अंकुशाने शिकविलेला हत्ती पुढे गर्दीत न्यावयास कोणी धजत नाही. भयाने आवरलेले जनावर त्याहून मोठे भय समोर येताच पहिले विसरते.

हे काम करणारे माहूत पुष्कळसे जेनू कुरुब या वनवासी जमातीचे असतात. 'जेनू' म्हणजे मध. अरण्यातील मध गोळा करणारे हे लोक होत. प्रत्येक हत्तीमागे एक माहूत आणि त्याच्या हाताखाली चारापाणी पाहणारा एक 'कावाडी' असतो. हे काम बहुधा बापाकडून मुलाकडे जाते. हत्ती पाच-सहा दशके सेवेत राहतो, म्हणून एकाच हत्तीवर एका घरातील दोन पिढ्या बसल्याची उदाहरणे आढळतात. दसऱ्याच्या दिवसांत ही कुटुंबे हत्तींबरोबर म्हैसूरला येतात आणि राजवाड्याच्या आवारात तात्पुरत्या निवाऱ्यांत राहतात. त्यांच्या मुलांसाठी तेथेच शाळा भरते. हत्तीच्या निवडीविषयी कागदावर शिफारस वनाधिकारी आणि पशुवैद्य करतात. तथापि माहुताचे मत बाजूस ठेवून ती होत नाही, आणि होऊही नये.

शिबिरांत जाऊन जी तपासणी होते तीत कोणत्या गोष्टी पाहतात? पाठीचा आकार, पायांचे तळवे, नखे, सुळ्यांची ठेवण आणि वय. साठी उलटलेल्या हत्तीस भार वाहावयास लावू नये असा नियम आहे. सुळेदार नराच्या बाबतीत माज हा मोठाच प्रश्न असतो. कानशिलांवरून स्राव वाहू लागला की शांत हत्तीही ओळख विसरतो, म्हणून अशा हत्तीस त्या वर्षी शिबिरातच ठेवतात. हत्तिणी गाभण नाहीत ना, हेही पाहावे लागते. २०२२ साली लक्ष्मी नावाची हत्तीण राजवाड्याच्या आवारातच प्रसूत झाली आणि सारे अधिकारी चकित झाले. त्यानंतर या तपासणीकडे अधिक लक्ष पुरविले जाऊ लागले. पण हे सारे झाल्यावरही मुख्य परीक्षा उरतेच. फटाका उडाला असता हा हत्ती काय करतो? प्रथम पळतो, की प्रथम माहुताच्या पायाचा इशारा ऐकतो? ही परीक्षा वजनकाट्यावर होत नाही.

म्हैसूरला आल्यावरचे दोन महिने हत्तींना खुराक उत्तम मिळतो. उडीद, मूग, गहू आणि उकडा तांदूळ एकत्र शिजवून त्यांचे गोळे देतात, त्यांत भाज्या आणि लोणी असते. भाताच्या पेंढ्यांत गूळ, नारळ आणि पेंड बांधून ती पुडकी सोंडेत देतात. पण श्रमही तसेच असतात. राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंतचा सुमारे ५ किलोमीटरचा मार्ग त्यांना रोज चालविला जातो, प्रथम मोकळ्या पाठीने. या मार्गाचा मोठा भाग सयाजीराव रस्ता म्हणून ओळखला जातो, आणि हे सयाजीराव म्हणजे बडोद्याचे गायकवाड होत. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून कन्नड मुलखाचा हत्ती रोज वाहनांच्या कर्ण्यांची आणि गर्दीची सवय करून घेतो. मग पाठीवर नमदा आणि गादी बांधून वाळूची पोती चढवितात आणि भार टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतात. सोन्याची अंबारी ७५० किलो वजनाची आहे. गादी, दोर आणि मूर्ती धरून एकूण भार १,००० किलोंच्या आसपास जातो. शेवटी लाकडी अंबारी बांधून तालीम होते. दोर आवळले जात असता हत्तीने दीर्घ वेळ स्तब्ध उभे राहावयाचे असते, आणि चालण्यापेक्षा हेच त्याला कठीण जाते.

तोफांची तालीम वेगळी. दसऱ्यास २१ तोफांची सलामी होते. त्यासाठी हत्ती आणि घोडे यांना ओळीने उभे करून पूर्वीच तोफा डागून दाखवितात. नवखे हत्ती पहिल्या बारास साखळदंड ताणतात. जुने मात्र कान हलवून उभे राहतात. नवख्यास नेहमी जुन्याच्या शेजारी उभे करतात, कारण हत्तीला धीर हत्तीच देऊ शकतो. म्हणूनच अंबारीच्या हत्तीच्या दोन्ही बाजूंस शांत स्वभावाच्या हत्तिणी चालतात. त्यांना 'कुमकी' म्हणतात. आपल्या 'कुमक' या शब्दाचेच हे भावंड, आणि अर्थही तोच.

मागील काही निवडी पाहिल्या म्हणजे या कामातील दृष्टी ध्यानात येते. पूर्वी अंबारीत महाराज बसत. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले आणि राजाच्या जागी चामुंडेश्वरी देवी विराजमान झाली. द्रोण या हत्तीने १८ वेळा अंबारी वाहिली. १९९८ मध्ये अरण्यात चरत असता विजेच्या तारेचा धक्का बसून त्याचा अंत झाला. १९९९ पासून ते काम बलरामाकडे आले. १९८७ साली धरलेला हा हत्ती अतिशय सौम्य, किंबहुना लाजरा होता. त्याने अनेक वर्षे अंबारी वाहिली ती त्या सौम्यपणाच्या बळावर. अर्जुनाची गोष्ट उलट आहे. १९६८ च्या काकनकोटे खेड्ड्यातला हा प्रचंड हत्ती बळाने सर्वांत सरस होता; परंतु १९९० च्या दशकात एका दुसऱ्या हत्तीचा माहूत त्याच्या पायांखाली सापडून मरण पावला आणि त्या ठपक्यामुळे अर्जुनास अनेक वर्षे हा मान मिळाला नाही. तो मिळाला २०१२ मध्ये. पुढे २०१९ पर्यंत त्याने ८ वेळा अंबारी वाहिली आणि साठी गाठताच ती उतरविली. २०२० मध्ये अभिमन्यू आला तेव्हा महामारीमुळे मिरवणूक राजवाड्याच्या आवारातच झाली. पण अभिमन्यूची तयारी त्याआधी कित्येक वर्षे चालली होती. दसऱ्यात वाद्यवृंदाची गाडी तोच ओढीत असे. ज्याच्या पाठीशी वर्षानुवर्षे कर्णे आणि ढोल वाजत आले, त्याला सयाजीराव रस्त्यावरचा गलबला नवा वाटणार नव्हता.

उरलेले दहा महिने हे हत्ती काय करतात, हे शहरातील प्रेक्षकांस फारसे ठाऊक नसते. ते अरण्यातील शिबिरांत राहतात, आणि कोठे रानटी हत्ती वा वाघ माणसांवर उलटला तर त्याला धरावयास यांनाच पुढे करतात. अर्जुन याच कामात गेला. ४ डिसेंबर २०२३ रोजी हासन जिल्ह्यातील सकलेशपूरच्या बाजूस एका मोहिमेत रानटी सुळेदाराशी झालेल्या झुंजीत तो पडला. साठी ओलांडलेल्या हत्तीस अंबारी नको, पण मोहीम चालते, हा हिशेब कसा जमतो, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. प्रश्न रास्त होता. महाराष्ट्रालाही या हत्तींची कुमक घ्यावी लागली आहे. २०१५ साली सिंधुदुर्गातील माणगाव खोऱ्यात तीन रानटी हत्ती धरण्यात आले ते कर्नाटकच्या शिकविलेल्या हत्तींच्या आणि माहुतांच्या साहाय्याने. त्यांना आंबेरीच्या कोंडीत शिकविण्याचा प्रयत्न झाला, पण ते सगळे जगले नाहीत. कोंडी बांधता येते, परंतु कोंडीबाहेर महिनोन् महिने बसून राहणारा माहूत पिढ्यांच्या सवयीतून घडतो. तो एका हंगामात आणवत नाही.

शिकलेल्या हत्तीचाही भरवसा किती, हे सप्टेंबर २०२४ मध्ये म्हैसूरने पाहिले. धनंजय आणि कंजन या दोन हत्तींचे राजवाड्याच्या आवारात बिनसले. धनंजयाने पाठलाग केला आणि कंजन माहुतावाचून दरवाजाबाहेर भर रस्त्यावर आला. धनंजयाच्या पाठीवर त्याचा माहूत टिकून राहिला होता. थोड्याच वेळात दोघेही आवरले गेले. कोणास इजा झाली नाही.

अभिमन्यूने २०२५ पर्यंत सलग सहा वेळा अंबारी वाहिली आणि तोही साठीला पोहोचला. त्याच्या मागून कोण, ही चर्चा म्हैसूरला दर वर्षी चालते. भीम आहे, धनंजय आहे, आणि महेंद्रही आहे. महेंद्राने श्रीरंगपट्टणच्या दसऱ्यात अंबारी वाहून दाखविली आहे. तालमीच्या दिवसांत लाकडी अंबारी आलटून पालटून यांच्यापैकी एकेकाच्या पाठीवर चढवितात. त्या वेळी अधिकारी हत्तीच्या चालीकडे पाहत असतात, आणि जुने माहूत त्याच्या कानांकडे.