तेलाची पाइपलाइन आणि आपलं मत्स्यतळं



राजस्थानच्या वाळवंटात, बाडमेर जिल्ह्यात, 2004 साली मंगला नावाचं मोठं तेलक्षेत्र सापडलं. 2009 पासून तिथून कच्चं तेल निघू लागलं. हे तेल मेणचट. गार झालं की तुपासारखं थिजतं. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यावरच्या भोगातपर्यंत सुमारे 670 किलोमीटरची पाइपलाइन टाकली आणि ती वाटभर गरम ठेवतात, साधारण 65 अंशांवर.

तुम्ही म्हणाल, बाडमेर कुठं अन् आपलं आदिलाबाद कुठं! पण अशी लाइन शेताखालून नेण्याचा कायदा देशभर एकच आहे, 1962 चा. तो आपल्याला माहीत असायला हवा.

या कायद्यात जमीन आपल्याच नावावर राहते. सरकार फक्त पाइप टाकायचा हक्क घेतं. भरपाई मिळते ती जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के. पीक, झाडं यांचं नुकसान झालं तर ते वेगळं. पाइप किमान 1 मीटर खोल असतो. वरून शेती करता येते, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही, विहीर खोदता येत नाही आणि तळंही खोदता येत नाही. आपल्या धंद्याला मार बसतो तो इथंच. मत्स्यतळ्याचा विचार असेल तर 10 टक्क्यांत हिशोब बसतो का, ते आधीच बघा.

हरकत घ्यायला अधिसूचनेनंतर फक्त 21 दिवस मिळतात. ती लेखी द्यायची, सक्षम प्राधिकाऱ्याकडे.

दुसरी गोष्ट गळतीची. तेलाचा तवंग पाण्यावर पसरला की हवा पाण्यात नीट मिसळत नाही. काठावरची अंडी, पिल्लं आधी मरतात. जाळी चिकट होतात, मासळीला वास लागतो, गिऱ्हाईक हात लावत नाही. नदीचं पाणी वाहून तरी जातं, तलावाचं जाणार कुठं?

म्हणून सगळ्यांना सांगणं आहे :

• तळं खोदण्याआधी मंडल कार्यालयात सर्वे नंबर दाखवून चौकशी करा.
• बीज किती सोडलं, मासळी किती निघाली, कोणत्या भावानं गेली, हे रोज वहीत लिहा. नुकसान मागायची वेळ आली तर तोंडी हिशोब कोणी धरत नाही.
• तलावाच्या ठेक्याचे कागद आणि पावत्या जपून ठेवा.
• कोणाला नोटीस आली असेल तर ती घेऊन लगेच संस्थेत या. वाचून अर्ज लिहायला आम्ही बसलोच आहोत.